गावठी कोंबड्यांत नवी जात मिसळायची आहे : कुठली, किती आणि कधी? (गोवा)

कुळागरी
नमस्कार मंडळी. फोंडा तालुका, घरामागे लहानसं कुळागर (पोफळीची बाग). ७ गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. खुराडं चिऱ्याचं, आतून ६ फूट बाय ४ फूट, वर कौलं. कोंबड्या दिवसभर मोकळ्या, तिन्हीसांजेला आत. अडचण एकच : अंडी पुरत नाहीत. पंधराएक अंडी झाली की कोंबडी रवणाला (अंडी उबवायला) बसते, मग दोन-तीन महिने काही नाही. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज, कडकनाथ, बीव्ही ३८० अशी नावं ऐकतोय, प्रत्येक जण वेगळं सांगतो. मला मुख्य अंडी हवीत, मांस मिळालं तर बरं. आहेत त्या गावठी काढायच्या नाहीत. काय घालू, किती घालू, आणि भांडणं न लावता कशा मिसळू?

सत्तरीकर
ग्रामप्रिया. बाकी यादी सोडून द्या.

खुराडेवाला
सत्तरीकरांचं उत्तर बरोबर आहे, पण कारणं लिहितो, म्हणजे उद्या बाजारात कोणी दुसरंच गळ्यात मारणार नाही.

गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते आणि तीही लहान. ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच तयार केलेली. नीट खायला मिळालं तर वर्षाला १६०-१८० अंडी, तपकिरी, गावठीपेक्षा बरीच मोठी. वजन बेताचं राहतं, त्यामुळे ती पळते, उडी मारते, घार आली तर झुडपात शिरते. तुमच्याकडे हेच महत्त्वाचं.

वनराजाही तिथलीच, पण ती मांस आणि अंडी दोन्हीसाठी. अंडी १००-११० धरा. ६ महिन्यांची मादी दोन किलोंच्या पुढे जाते आणि मग तिला धड उडता येत नाही. कुळागरात मुंगूस आणि उदमांजर असणारच, तिथे सगळ्यात आधी वनराजा जाते. शिवाय वनराजाचा कोंबडा सव्वा किलोच्या गावठी कोंबडीवर चढला की तिची पाठ सोलून निघते. ज्यांना चतुर्थीनंतर किंवा नाताळाला कोंबडे विकायचे आहेत त्यांनी वनराजा जरूर घ्यावी. तुम्ही नको.

श्रीनिधी या दोघींच्या मधली, अंडी साधारण १४०-१५०. ग्रामप्रिया मिळाली नाही तर दुसरी पसंती ही. गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, वनराजासारखीच अंगाने जड.

मांडवीतीर
कडकनाथबद्दल कोणी लिहिलं नाही. बाजारात अंड्याला दर चांगला मिळतो ना?

खुराडेवाला
दर मिळतो, अंडी मिळत नाहीत. वर्षाला ८०-१०० च्या आसपास, तीही लहान. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर पट्ट्यातली, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून काळं पीस दिसलं की कडकनाथ म्हणून विकलं जातं. खरी असेल तर तुरा, जीभ, पायांचे तळवे, तोंडाच्या आतला भाग सगळं काळपट-निळसर दिसतं. विकत घेताना चोच उघडून आत बघा, आत गुलाबी असेल तर दुसऱ्या काळ्या कोंबडीचं रक्त आहे. मिसळायला वाईट नाही, चपळ आहे. पण प्रश्न अंड्यांचा होता.

चिऱ्याची_भिंत
बीव्ही ३८० ला इतकं सहज बाजूला सारू नका. वर्षाला २८० च्या वर अंडी देणारी दुसरी कोंबडी या यादीत नाही. चार कोंबड्या ठेवल्या तरी घरचा प्रश्न मिटतो.

सत्तरीकर
पिंजऱ्यात ठेवून, मोजून खाणं घालून मिटतो. मोकळी सोडली की तेवढी अंडी नाहीत. रोज ११०-१२० ग्रॅम लेयर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य हवं, नाहीतर दोन महिन्यांत अंगातलं कॅल्शियम काढून अंडी देते आणि मग पायच धरत नाहीत. कुळागरात किडे खाऊन भागवणारी कोंबडी नाही ती.

चिऱ्याची_भिंत
खाद्य घालायची तयारी असेल तर चालते एवढंच म्हणतोय. अंगणाला जाळीचं कुंपण असेल तर नक्कीच. कुळागरात मोकळी सोडायची असेल तर तुमचं मान्य.

गुरांचा_डॉक्टर
बीव्हीच्या नावाखाली काय विकलं जातं तेही सांगायला हवं. व्यावसायिक फार्मवरून वर्ष-दीड वर्षाने काढून टाकलेल्या कोंबड्या ‘आता अंड्यावर येणार’ म्हणून गाडीवर येतात. ओळखायच्या अशा.

कोंबडी उलटी धरा आणि शेपटीखाली दोन बारीक हाडं लागतात ती चाचपा. अंड्यावर न आलेल्या तलंगीत त्यांमध्ये जेमतेम एक बोट मावतं. दोन-तीन बोटं मावली तर ती आधीच अंडी देते आहे. मग पाय बघा. पिवळ्या पायांच्या जातीत पिवळेपणा अंड्यात उतरतो : आधी गुदद्वाराभोवतीचा जातो, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा, शेवटी पायांचा. पाय पांढरे फटक असतील तर कोंबडीने महिनोन्‌महिने अंडी दिली आहेत. नखं लांब आणि वळलेली असतील तर ती जाळीवर उभी राहिलेली आहे, मातीत उकरलेलं नाही. मानेची पुढची पिसं झिजलेली असतील तर पिंजऱ्यातून मान बाहेर काढून खाल्लेलं आहे. चोच कापलेली असेल तर मोकळ्यावर ती किडे टिपू शकत नाही. यातली दोन लक्षणं दिसली की पैसे खिशात ठेवा.

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा कुठल्याही आठवडी बाजारातून जिवंत कोंबडी आणून थेट आपल्या कोंबड्यांत सोडू नका. दहा ठिकाणच्या कोंबड्या एका टोपलीत आलेल्या असतात. पावसाच्या तोंडावर मानमोडी (राणीखेत रोग) घरी येण्याचा तो सगळ्यात सरळ रस्ता.

कुळागरी
ग्रामप्रियाकडे मन वळतंय. पिल्लं घेऊ की तलंगा? कुठे मिळतील?

खुराडेवाला
जुन्या गोव्यात एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी शेतीची संशोधन संस्था आणि तिथलंच कृषी विज्ञान केंद्र आहे, पहिली चौकशी तिथे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारा. नोंदणी आधी करावी लागते, आणि आपल्याला हवी ती जात हव्या त्या आठवड्यात निघेलच असं नसतं. म्हणून ‘ग्रामप्रिया नाहीतर श्रीनिधी’ असं सांगून ठेवा.

सहसा मिळतात ती एक दिवसाची पिल्लं, नर-मादी वेगळी न केलेली. म्हणजे ६ माद्या हव्या असतील तर १५ पिल्लं घ्यावी लागतात : अर्धे नर निघणार, एक-दोन दगावणार. नर वेगळे ठेवून ३-४ महिन्यांत शागुतीला. ८ ते १० आठवड्यांची, लसी झालेली पिल्लं कोणाकडे मिळाली तर जास्त पैसे देऊन तीच घ्या. पहिल्या महिन्याची ऊब, रात्रीची वीज जाणं, रक्ती हगवण, सगळं दुसऱ्याने निस्तरलेलं असतं.

कांपालची_बाय
एक दिवसाची घेतलीच तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअस हवं, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. १५ पिल्लांना ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब पुरतो, एलईडी नव्हे, त्याला ऊब नसते. थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त सांगतात : बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली तर उकाडा, एकाच बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा शिरतोय. मार्चनंतर आपल्याकडे दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो.

तुसावर पहिले ३ दिवस वर्तमानपत्र घाला, नाहीतर तूस खातात. पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, बुडून मरतात.

मांडवीतीर
बाई, आणायची कधी? मी ऑगस्टमध्ये आणायचं म्हणत होते.

कांपालची_बाय
ऑगस्ट अजिबात नको. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमीन सुकतच नाही. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू दोन दिवसांत तयार होतात आणि ३ ते ६ आठवड्यांची पिल्लं त्यात पटापट जातात. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस आणा. कोरडी हवा मिळते, फेब्रुवारीपर्यंत सगळ्या लसी होतात, एप्रिल-मेमध्ये अंडी सुरू.

सत्तरीकर
मी फेब्रुवारीचा. ऑक्टोबरच्या पिल्लांची पहिली अंडी ऐन मे महिन्याच्या काहिलीत येतात, कवच पातळ आणि अंडी लहान. फेब्रुवारीची पिल्लं पाऊस सुरू होईपर्यंत ४ महिन्यांची, धडधाकट होतात आणि ऑगस्टमध्ये अंड्यावर येतात. तेव्हा जुन्या गावठी पिसं गाळत असतात, म्हणजे घरात अंड्यांचा खंड पडत नाही.

कांपालची_बाय
पण देवीचं काय? फेब्रुवारीच्या पिल्लाला देवीची लस वेळेत झाली नाही तर पावसातले डास त्याला सोडत नाहीत. लस चुकणार नसेल तर फेब्रुवारी चालेल, नाहीतर ऑक्टोबर.

गुरांचा_डॉक्टर
दोघांचंही चालेल, पावसात नको एवढं पक्कं.

लसींचा क्रम एकदाच लिहून ठेवतो. मरेक्स पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात होते, झाली का ते विचारून घ्या. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस), डोळ्यात एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो. २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा. ६ ते ८ आठवड्यांत देवी, पंखाच्या पडद्यात टोचायची. ८ ते १० आठवड्यांत आरटूबी (मानमोडीचीच दुसरी लस), अर्धा मिली, कातडीखाली. आरटूबीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या, जंतांनी पोखरलेल्या कोंबडीत लस नीट लागत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांना आरटूबी देऊ नका, अंडी एकदम घसरतात. त्यांना लासोटाच.

लसीची बाटली १०० किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या उपयोग नाही. म्हणून वाड्यावरच्या चार घरांनी एकच दिवस ठरवून घ्यावा. लस पाण्यातून देत असाल तर नळाचं पाणी वापरू नका, क्लोरीनने लस मरते. विहिरीचं घ्या आणि लिटरला ५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर घाला.

कुळागरी
माझ्या खुराड्यात किती मावतील? आणि मिसळायच्या कशा?

खुराडेवाला
६ गुणिले ४ म्हणजे २४ चौरस फूट. गावठीला रात्री दीड चौरस फूट धरा, ८ जणांचे झाले १२. उरले १२. ग्रामप्रियाला २ धरा, म्हणजे ६ कोंबड्या. सातवी घालू नका. पावसात दिवसेंदिवस आत बसून राहतात, तेव्हा गर्दीचा हिशेब कळतो : तूस ओलं होतं, अमोनियाचा वास येतो आणि डोळे चिकटायला लागतात. तुम्ही वाकून आत डोकं घातल्यावर तुमचे डोळे झोंबले तर त्यांचे कधीचे झोंबताहेत.

बसायच्या दांड्या दोन उंचीच्या लावा, एक दीड फुटावर, एक तीन फुटांवर. गावठी वर जातील, नव्या खाली बसतील, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. मात्र खालची दांडी वरच्या दांडीच्या बरोबर खाली नको, फूटभर पुढे घ्या, नाहीतर रात्रभर वरून शेण पडतं. दांडी २ इंच रुंद, कडा घासलेल्या. प्रत्येकीला १० इंच लांबी हवी. ६ फुटांच्या दोन दांड्या तुम्हाला बरोबर पुरतात. पोफळीची चीप लावायची तर तिचे कुसळ नीट तासा, पायाच्या तळव्यात शिरलं की गाठ होते आणि पू धरतो.

अंड्यांच्या पेट्या ४-५ कोंबड्यांमागे एक, तुम्हाला ३. फूटभर लांब-रुंद-उंच, पण जमिनीपासून फूटभर उंच आणि दांडीपेक्षा खाली. दांडीपेक्षा उंच ठेवल्या तर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी घाण होतात.

सत्तरीकर
जाळी बदला हेही सांगा. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी फक्त कोंबडी आत ठेवते, उदमांजर बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, खाली फूटभर मातीत पुरा. कौलांच्या खालची फट विसरू नका, उदमांजर तिथूनच उतरतं.

गुरांचा_डॉक्टर
मिसळायची पद्धत. नव्या पक्ष्यांना आधी ३ ते ४ आठवडे पूर्ण वेगळं ठेवा, खुराड्यापासून ३० फूट तरी लांब. रोज आधी जुन्यांचं करा, मग नव्यांचं, आणि चपला वेगळ्या. या काळात काय बघायचं : विष्ठेत रक्त, डोळ्यांत फेस, पंखाखाली आणि गुदद्वाराजवळ उवा. रात्री अंधारात पाच मिनिटं शांत उभं राहून ऐका, घरघर किंवा शिंक आली तर श्वासाचा रोग आहे, मिसळणं थांबवा. पायांवरचे खवले उचललेले असतील तर करंजेल चोळा, आठवड्यातून दोनदा. हा वेळ संपायच्या दोन आठवडे आधी नव्या-जुन्या सगळ्यांना लासोटा एकाच दिवशी.

मग आठवडाभर मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. दिसतील, पण टोचता येणार नाही. त्यानंतर एका रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, नव्या उचलून दांडीवर ठेवा. सकाळी लवकर दार उघडा, बंद खुराड्यात जाग आली तर मारामारी होते. खाण्याची आणि पाण्याची भांडी निदान दोन-दोन, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. थोडी टोचाटोची आठवडाभर चालते, ती चालू द्या. रक्त दिसलं की मात्र त्या कोंबडीला लगेच बाजूला काढा, लाल ठिपका दिसला की बाकीच्या थांबत नाहीत. जखमेला हळदीचा लेप लावा, रंगही झाकला जातो.

दहा आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू मोठ्यांत सोडू नका. आणि एकटी कोंबडी कधीच घालू नका, कमीत कमी तीन.

चिऱ्याची_भिंत
खाद्याचा घोळ इथेच होतो. अंड्यावरच्या जुन्या आणि वाढीच्या नव्या एका भांड्यात खातात. सगळ्यांना लेयर खाद्य घातलं तर त्यातल्या साडेतीन-चार टक्के कॅल्शियमने वाढत्या तलंगीची मूत्रपिंडं बिघडतात. नव्यांचं पहिलं अंडं दिसेपर्यंत सगळ्यांना ग्रोअरच (वाढीचं खाद्य) घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवा, जिला हवा ती खाते. तिसऱ्यांची टरफलं आपल्याकडे फुकट : उकळा, कडक उन्हात वाळवा, गव्हाच्या दाण्याएवढा चुरा करा. पीठ करू नका.

घरी मिसळायचं असेल तर १० किलोला : भरडलेला मका ५ किलो, सोयाबीन पेंड २ किलो २०० ग्रॅम, भाताचा बारीक कोंडा दीड किलो, खोबऱ्याची पेंड १ किलो, खनिज मिश्रण पाव किलो, मीठ ३० ग्रॅम. प्रथिनं साधारण १८ टक्के बसतात. मोकळ्या फिरणाऱ्या गावठीला दिवसाला ३०-४० ग्रॅम, ग्रामप्रियाला ६०-७०. अर्धं सकाळी, अर्धं आत जाताना. खोबऱ्याची पेंड पावसात महिन्याची साठवू नका, बुरशी धरते आणि ते विष यकृतावर जातं.

मांडवीतीर
सुक्या बांगड्याची डोकी घालतात ती चालतात का? सुंगटांची (कोळंबीची) सालं?

चिऱ्याची_भिंत
खारवलेलं काहीही नको, मिठाने पाणीपाणी हगतात आणि मरतात. ताज्या सुंगटांची सालं उकडून वाळवून चालतात, पण मूठभरच. मासळी जास्त झाली की अंड्याला वास येतो, मग आम्लेट कोणी खात नाही.

कुळागरी
नव्या कोंबड्यांची अंडी रवणाला गावठीखाली ठेवली तर पुढची पिल्लं ग्रामप्रियाच ना?

खुराडेवाला
नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. ग्रामप्रिया ही दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून येते. तिची अंडी घरी उबवली तर पिल्लांचे रंग, वजन, अंडी सगळं विखुरतं, दोन पिढ्यांत पुन्हा गावठीच्या जवळ येता. शिवाय तुमचा कोंबडा गावठी, म्हणजे ती मिश्रच. मिश्र पिल्लं वाईट नसतात, चपळ असतात आणि रवणालाही बसतात, पण १८० अंड्यांची आशा त्यांच्याकडून धरू नका. अंड्यांसाठी दर दोन वर्षांनी ६ नव्या आणा आणि जुन्या काढा.

ग्रामप्रिया स्वतः सहसा रवणाला बसत नाही. म्हणूनच गावठी काढायच्या नाहीत हा तुमचा निर्णय योग्य आहे, त्या तुमचं उबवणी यंत्र. मोठी अंडी गावठीखाली ९-१० च ठेवा, १५ ठेवली तर कडेची थंड पडतात. ७ व्या रात्री बॅटरीवर धरून बघा, शिरा न दिसणारी काढून टाका. २१ व्या दिवशी पिल्लं.

सत्तरीकर
पांढऱ्या रंगाची पिल्लं निघाली तर ती घार आणि शिक्रा आधी उचलतात. तांबूस, करडी, चट्टेरी ठेवा. उघड्या मानेचं पिल्लू निघालं तर मुद्दाम ठेवा, उकाडा सोसतं. उलट्या पिसांचंही सोसतं, फक्त तो कोंबडा मोठा झाला की गाऱ्हाण्यासाठी मागायला कोणीतरी दारात येतोच.

आणि कुळागरात पोफळींच्या कोळेरोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारता ना? त्या दिवसापासून आठवडाभर कोंबड्या बंद. खाली साचलेलं निळं पाणी पितात. मोरचुदाचं तांबं त्यांना सोसत नाही.

कुळागरी
देव बरें करूं सगळ्यांचं. ६ ग्रामप्रिया तलंगा, लसी झालेल्या, न मिळाल्या तर फेब्रुवारीत १५ पिल्लं, असं ठरवतो. पावसात पिल्लांना रक्ती हगवण लागलीच तर हाताशी काय ठेवू?

गुरांचा_डॉक्टर
अँप्रोलियम २० टक्के पावडर. लिटर पाण्याला सव्वा ग्रॅमच्या आत, ५ दिवस, रोज ताजं पाणी, दुसरं पाणी ठेवायचं नाही. त्या ५ दिवसांत बी जीवनसत्त्वांचं टॉनिक देऊ नका, दोन्ही एकमेकांना मारतात, टॉनिक नंतर. तूस त्याच दिवशी पूर्ण काढून लांब खड्ड्यात, कुळागराच्या आळ्यात नव्हे. दोन दिवसांत रक्त थांबलं नाही किंवा एकाच दिवशी दोन-तीन मेली, तर मेलेलं पिल्लू पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन या, औषध बदलत बसू नका.

कुळागरी
पिशवी बर्फावर ठेवून आणायची का?

गुरांचा_डॉक्टर
बर्फावर हो, पण गोठवू नका. फ्रीझरमध्ये ठेवलेल्या पिल्लाची आतडी तपासून काही कळत नाही. आणि सकाळी लवकर आणा.